जुन्या मोटारीच्या इंजिनाची पुनर्बांधणी

पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्स ह्या कंपनीचा कारखाना होता. इ. स. १९५७ मध्ये त्या कारखान्यातून 'अँबॅसडर' नावाची मोटार बाहेर पडू लागली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड ह्या गाडीवरून तिची रचना घेतलेली होती. आरंभीच्या गाड्यांत सिलिंडरच्या बाजूला झडपा असलेले इंजिन असे. १९५९ मध्ये त्याच्या जागी माथ्यावर झडपा असलेले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. मंत्र्यांच्या ताफ्यापासून टॅक्सीच्या अड्ड्यापर्यंत सर्वत्र वावरलेल्या ह्या इंजिनांपैकी कित्येक आज पडवीत किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली निपचित पडलेली आढळतात. एखाद्या तरुणाच्या हाती आजोबांची अशी गाडी येते, खिशात पैसा बेताचा असतो, आणि प्रश्न उभा राहतो: हे इंजिन स्वतःच्या हाताने पुन्हा चालू करता येईल काय?

हे काम नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. बिडाचा एक ठोकळा, त्यात चार सिलिंडर, खाली तीन मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट, वर बिडाचेच हेड, आणि बाजूला एक कार्बुरेटर, इतकाच ह्या यंत्राचा पसारा आहे. त्यात विद्युत्कणांची गूढ यंत्रणा नाही. साधे पाने, पकड, थोडे रॉकेल आणि पुष्कळ चिंध्या एवढ्यावर ते पूर्णपणे उकलता येते. अडचण निराळीच आहे. इंजिनातील झिजलेला भाग दुरुस्त करण्याची मुख्य रीत म्हणजे आणखी धातू कापून तो पृष्ठभाग पुन्हा गोल व गुळगुळीत करणे. कापलेला धातू परत येत नाही. त्यामुळे अशा प्रत्येक इंजिनाला मोजक्याच दुरुस्त्या सोसतात आणि प्रत्येक दुरुस्ती त्या शिलकीतून एक उचल करते.

ही शिल्लक जपण्याला अलीकडे आणखी एक कारण झाले आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या, व्यापारी उपयोगात नसलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याची सोय केली. असे वाहन मूळ स्वरूपात असावे. त्याच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यात अट आहे. म्हणजे जुने इंजिन बिघडले म्हणून दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवून टाकले तर गाडी चालेल, परंतु तिचा हा मान जाईल.

उकलण्यापूर्वी

नवशिक्याचा पहिला मोह म्हणजे पाना हाती घेऊन सुटणे. तो आवरावा. इंजिन अजून फिरत असेल तर ते अखंड असतानाच पुष्कळशी माहिती देते, आणि ती माहिती उकलल्यावर कायमची हरवते. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, आणि प्रत्येक सिलिंडरच्या भोकात दाबमापक धरून स्टार्टरने इंजिन फिरवावे. चारही आकडे वहीत लिहावेत. नंतर ज्या सिलिंडरचा दाब कमी भरला त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजावे. आता दाब स्पष्टपणे वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांजवळ आहे, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. दाब वाढला नाही तर दोष बहुधा झडपांत आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असेल तर त्या दोहोंमधील हेड गॅस्केट जळलेले असण्याचा संभव मोठा. केवळ झडपाच दोषी ठरल्या तर हेड काढून झडपा घासल्या की काम भागते. खालच्या भागाला हात लावण्याचे कारण उरत नाही. एका दाबमापकाने वाचवलेला हा खर्च संपूर्ण कामातील सर्वांत मोठी बचत ठरू शकतो.

इंजिन कित्येक वर्षे बंद असेल तर पिस्टन गंजाने जखडलेले असू शकतात. अशा वेळी स्टार्टरने जबरदस्ती करू नये. प्लगच्या भोकांतून डिझेल किंवा पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहावी, आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलकेच मागेपुढे करावे.

उकलताना निघालेली प्रत्येक वस्तू कोठून निघाली हे सांगता आले पाहिजे. पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांत पुशरॉड क्रमाने खोचावेत. टॅपेट आणि झडपा यांनाही क्रमांक द्यावेत, कारण ज्या जागी ते झिजले त्याच जागी ते पुन्हा नीट बसतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट कनेक्टिंग रॉड व मुख्य बेअरिंग यांच्या टोप्यांची. प्रत्येक टोपी आपल्या जोडीदाराला जोडून मगच तिचे भोक कातलेले असते. टोप्यांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली, तर भोक गोल राहत नाही आणि नवे बेअरिंग काही मिनिटांतच जळते. टोपीवर क्रमांक ठोकलेला नसेल तर सोडवण्यापूर्वीच पंचाने ठिपके मारून घ्यावेत. हेड चिकटून बसले असेल तर त्याखाली छिन्नी घालू नये. पृष्ठभागावरील एक ओरखडा नव्या गॅस्केटलाही निकामी करतो. हेडचे सर्व नट काढून प्लग परत बसवावेत आणि इंजिन स्टार्टरने फिरवावे. आतल्या हवेचा दाबच हेड उचलून देतो.

झीज कोठे आणि किती

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिन फिरत असते तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबतो व दिशा बदलतो. माथ्याशी तो थांबतो त्या क्षणी पेट घेतलेल्या वायूचा दाब व उष्णता कमाल असते, वरची रिंग भिंतीवर घट्ट दाबली जाते, आणि गतीच नसल्याने वंगणाचा थर अत्यंत पातळ झालेला असतो. म्हणून झीज वरच्या रिंगेच्या थांब्याजवळ सर्वाधिक होते. त्याच्याही वर, जेथे रिंग कधी पोचत नाही, तेथे मूळ धातूची एक कड उरते. ती नखाला लागते. सिलिंडरच्या तळाशी रिंगेच्या खालचा भागही जवळजवळ अस्पर्श असतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा असताना पिस्टनला एका बाजूला रेटतो, त्यामुळे वर्तुळ किंचित लंबगोल होते.

ही झीज मोजण्यासाठी कारखान्यात बोअर गेज वापरतात. ते महाग असते. परंतु जुनी रिंग आणि फीलर गेज, म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा, एवढ्यावरही पुरेसा अंदाज येतो. रिंग सिलिंडरमध्ये घालून उलट्या पिस्टनने ती तळाच्या न झिजलेल्या भागापर्यंत सरळ ढकलावी आणि तिच्या दोन टोकांतील फट मोजावी. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली आणून पुन्हा मोजावी. व्यास वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट वाढतो, आणि परिघाची वाढ फटीत दिसते. समजा, तळाशी फट ०.३० मिलिमीटर आणि वर ०.८० मिलिमीटर भरली. फरक ०.५०; त्याला ३.१४ने भागले की व्यासातील वाढ सुमारे ०.१६ मिलिमीटर निघते. वर्तुळाच्या परिघाचे सूत्र शाळेत शिकलेल्या मुलाला हा हिशेब अवघड नाही. लंबगोलपणा मात्र ह्या रीतीने कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निघालेल्या आकड्याचे काय करायचे? झीज पाव मिलिमीटरच्या आसपास पोचली असेल तर सिलिंडर बोअर करण्यावाचून गत्यंतर नसते. ती त्याच्या निम्म्याहूनही कमी असेल, भिंतीवर खोल ओरखडे नसतील आणि गाडी वर्षातून थोडेच मैल चालणार असेल, तर वरची कड कापून भिंतीला बारीक आडवेतिडवे ओरखडे द्यावेत व नव्या रिंगा घालाव्यात. कड न काढता नवी रिंग घातली तर तिची कोरी धार त्या कडेवर आपटते आणि रिंग तुटते. वरच्या उदाहरणातील ०.१६ हा आकडा दोहोंच्या मधला आहे. अशा वेळी बोअर करण्याची घाई न करणे शहाणपणाचे. रिंगा फसल्या तर बोअर पुढेही करता येईल, बोअर केलेले मात्र पूर्ववत करता येणार नाही.

बोअर करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. इंचाच्या हजाराव्या भागाला कारागीर 'थाऊ' म्हणतात, आणि पिस्टन मूळ मापाहून दहा, वीस, तीस व चाळीस थाऊ मोठे असे मिळतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. ह्या इंजिनाचा मूळ व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर आहे. 'चाळीस'च्या पायरीला व्यास ७४.०४१ होतो आणि १,४८९चे इंजिन १,५३१ घन सेंटिमीटरचे होऊन बसते. चार पायऱ्या मिळून सिलिंडरच्या व्यासात अवघ्या एका मिलिमीटरची भर पडते. शिल्लक म्हणतात ती एवढीच. ती संपल्यावर सिलिंडरमध्ये बिडाची नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकून मूळ मापावर परत येता येते. तथापि ते काम खर्चाचे, आणि चांगल्या यंत्रकाराचे.

जुन्या गाडीचा पिस्टन काढल्यावर त्याच्या माथ्यावरील काजळी पुसून पाहावी. आधीच्या कोणी बोअर केले असेल तर तेथे माप ठोकलेले आढळते. 'चाळीस' दिसले तर खिशाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

क्रँकशाफ्टची गोष्ट याच्या उलट, म्हणजे तो घासला की बारीक होतो. त्याच्या मुख्य जर्नलचा मूळ व्यास दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर असतो. येथे मायक्रोमीटरला पर्याय नाही. तो उसना आणावा. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांशी मोजावा. जर्नल गोल, गुळगुळीत आणि मापात असेल तर केवळ नवी बेअरिंगे घालावीत. ह्या बेअरिंगांना बाजारात 'मेटल' म्हणतात. पोलादी पाठीवर मऊ मिश्रधातूचा पातळ थर दिलेले ते दोन अर्धगोल असतात. जर्नल लंबगोल झाला असेल तर तो दहा किंवा वीस थाऊ बारीक करून त्या मापाची मेटल आणावी लागतात.

मापाबाबत इतका काटेकोरपणा कशासाठी, हे समजून घेणे जरूर आहे. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेला नसतोच. फिरताना तो तेलाला स्वतःबरोबर ओढून निमुळत्या फटीत कोंबतो, तेथे तेलाचा दाब वाढतो, आणि त्या दाबावर शाफ्ट तरंगतो. ही फट साधारणपणे ०.०२५ ते ०.०६ मिलिमीटर असावी लागते. माणसाचा केस याहून सहसा जाडच असतो. फट फार मोठी झाली तर तेल बाजूने निसटते, दाब पडतो आणि शाफ्ट आदळू लागतो. फार लहान झाली तर तेलाला शिरकावच मिळत नाही. फट तपासण्यासाठी प्लॅस्टिकचा एक बारीक धागा मिळतो. तो कोरड्या जर्नलवर ठेवून टोपी ठरलेल्या जोराने आवळावी, शाफ्ट न फिरवता पुन्हा सोडवावी, आणि चेपलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरील पट्टीशी ताडून पाहावी. ह्या धाग्याला थोडेच पैसे पडतात, आणि पुढे ओढवणारा मोठा खर्च त्याने टळतो.

यंत्रकाराकडे काय द्यावे

बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासणे, हेडचा पृष्ठभाग सपाट करणे आणि झडपांच्या बैठका बसवणे ही चार कामे घरी होत नाहीत. बाकीची सर्व होतात. नवशिका बहुधा येथेच चुकतो: तो उत्साहाने आधीच पिस्टन, रिंगा आणि मेटल यांचा पूर्ण संच विकत आणतो, आणि मग मापे घेतल्यावर तो संच वाया गेल्याचे त्याला कळते. योग्य क्रम असा, की प्रथम मोजावे, मग पायरी ठरवावी, त्या पायरीचे पिस्टन मिळतात याची खात्री करावी, पिस्टन आणून यंत्रकाराच्या हाती द्यावेत, आणि त्या प्रत्यक्ष पिस्टनांच्या मापाने सिलिंडर बोअर करून घ्यावेत. कोलकात्याच्या मल्लिक बाजारासारख्या किंवा चेन्नईच्या पुदुपेटसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत शोध घेताना हातात मापांची वही असावी. पिस्टन व भिंत यांत थोडी फट राखावीच लागते, कारण पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तापमान शंभर अंश सेल्सिअसने वाढले तर ७३ मिलिमीटर व्यासाचे अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.१७ मिलिमीटर प्रसरण पावते, तर तेवढेच बीड सुमारे ०.०८ मिलिमीटर.

यंत्रकाराकडे पैसे देण्याआधी ठोकळ्याला तडा नाही ना, हे पाहणे अगत्याचे. त्याची घरगुती परीक्षा अशी: संशयित जागेवर रॉकेल चोपडून काही वेळाने ते पुसून कोरडे करावे आणि वर खडूची पूड पसरावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल झिरपून पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. तडा गेलेल्या ठोकळ्यात नवे पिस्टन घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणेच होय.

हेडच्या बाबतीत काळ बदलल्याने एक नवी गरज उत्पन्न झाली आहे. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलाच्या काळातले. शिशाची संयुगे एक्झॉस्ट झडपेच्या बैठकीवर पातळ थर धरून तिचे रक्षण करीत. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि ते हवेच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु सतत वेगाने चालवल्यास बिडाची मऊ बैठक आता हळूहळू खचू लागते. हेड निघालेच आहे तर एक्झॉस्टच्या चार बैठकांत कठीण धातूची कडी बसवून घ्यावीत. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले, आणि जुन्या जातीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा नव्या प्रकारचे घालावेत.

झडपा बैठकीवर घासून बसवण्याचे काम मात्र घरीच करावे. काठीच्या टोकाला रबरी वाटी, झडपेच्या कडेला किंचित घोटणी लेप, आणि दोन तळहातांत काठी घुसळणे. ताक घुसळण्याचीच ती रीत. दोन्ही पृष्ठभागांवर अखंड करड्या रंगाचे वर्तुळ उमटले की थांबावे. नंतर झडपा व प्लग बसवून हेड उलटे ठेवावे, ज्वलनकक्षात रॉकेल ओतावे, आणि ते झडपांपासून झिरपते का हे पाहावे.

जोडणी

जोडणीपूर्वी सर्व भाग धुवावेत, आणि धुतलेले पुन्हा धुवावेत. क्रँकशाफ्टच्या आतील तेलाच्या बोळांत घासकामाची धूळ अडकलेली असते. तेथे बारीक ब्रश व रॉकेल घालून बोळ साफ केले नाहीत तर ती धूळ तेलाबरोबर थेट नव्या बेअरिंगांत शिरते. ठोकळ्याच्या पाण्याच्या कप्प्यांत, विशेषतः चौथ्या सिलिंडरच्या मागे, गंजाचा गाळ साचलेला असतो. तो तारेने उकरून काढावा.

क्रँकशाफ्ट बसवून प्रत्येक टोपी आवळली की तो हाताने फिरवून पाहावा. एखादी टोपी आवळताच तो जड झाला तर दोष त्याच टोपीत आहे, हे लगेच कळते. सर्व टोप्या एकदम आवळणाऱ्याला ते कळत नाही. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नयेत. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या चाकाला दुप्पट दाते असतात. दोन्ही चाकांवरील खुणा समोरासमोर आणूनच साखळी चढवावी. हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत, आणि शेवटचा जोर मापक पान्याने द्यावा. प्रत्येक नटाचा जोर कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला असतो. ही पुस्तिका आणि तो पाना यांत काटकसर करू नये. रंग आणि चकचकीत नळ्या यांत करावी.

ह्या इंजिनाच्या मागील टोकाला तेल अडवणारे रबरी सील नसते. शाफ्टवर कोरलेल्या मळसूत्री खाचा तेल मागे लोटतात. त्यामुळे उत्तम जोडणीनंतरही गाडीखाली तेलाचे थेंब पडतात. नवशिका अशा वेळी स्वतःला दोष देतो आणि इंजिन पुन्हा खाली उतरवतो. त्याचे कारण नाही. ते मूळ रचनेतच आहे.

पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी तेलपंपात तेल भरलेले असावे. प्लग काढून ठेवून स्टार्टरने, मध्ये विसावा देत, इंजिन फिरवावे. तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत प्लग बसवू नयेत. कोरड्या बेअरिंगांवर इंजिन सुरू झाले तर महिन्याभराचे काम मिनिटाभरात नष्ट होते. प्लगच्या तारा १-३-४-२ ह्या क्रमाने लावाव्यात. इंजिन सुरू होताच ते मंद चालीवर न ठेवता पंधरा-वीस मिनिटे मध्यम वेगाने चालवावे, कारण नव्या कॅमला व टॅपेटला उडणाऱ्या तेलावरच अवलंबून राहावे लागते आणि मंद चालीत तेल पुरेसे उडत नाही. ह्या वेळात पाण्याचे तापमान व तेलाचा दाब यांवरून नजर हलवू नये. इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट व झडपांच्या फटी पुन्हा तपासाव्यात.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तेल स्वच्छ भांड्यात सोडून उजेडात पाहावे. त्यात करड्या रंगाची अत्यंत बारीक झाक दिसली तर ती नव्या रिंगा बसत असल्याची होय. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवून पाहावे: चुंबकाला चिकटले ते लोखंडाचे, न चिकटणारे ते बहुधा बेअरिंगांचे, आणि तसे असेल तर गाडी आणखी न चालवता तळाचे भांडे उतरवावे. सर्व ठीक असल्यास नवे तेल व नवा फिल्टर घालून बोअरची पायरी, जर्नलची मापे आणि तारीख वहीत लिहून ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढे हे इंजिन ज्याच्या हाती उकलले जाईल त्याला किती पायऱ्या उरल्या आहेत, हे त्या वहीवरूनच कळणार आहे.